मृदंगाचे डावे अंग

गाण्याची मैफल आटोपून श्रोते घरी परततात, तेव्हा कोणाच्या ओठांवर गायकाची एखादी तान असते, कोणाच्या कानांत एखादी सुरेल जागा रेंगाळत असते. मृदंगवाल्याचीही कोणी वाहवा करतो. पण ती बहुधा त्याला शेवटी एकट्याने वाजवावयास मिळालेल्या त्या पंधरा-वीस मिनिटांची. बाकीचे दोन-अडीच तास गाण्याच्या बुडाशी जो एक गंभीर, खर्जातला नाद वावरत होता, त्याची आठवण सहसा कोणी काढीत नाही. घराचे जोते तरी कोणाच्या डोळ्यांत भरते? जोते खचून भिंतीला तडे गेले, म्हणजे मात्र सर्वांचे लक्ष तिकडे जाते. संगीतातील खालच्या नादाचीही स्थिती अशीच आहे. तो आहे तोवर गाणे उभे असते, आणि गाणे उभे आहे तोवर त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

हे काम जगात सर्वत्र कोणी ना कोणी करीत असतो. अमेरिकेच्या दक्षिणेकडील प्रांतांत ग्रामीण वळणाची गीते गाणारी पथके असतात. शनिवारच्या रात्री नाचघरांतून ती लोकांच्या आवडीची, म्हणजे बहुधा दुसऱ्यांनी रचलेली आणि दुसऱ्यांनी गाजविलेली गाणी वाजवितात. अशा पथकात बास नावाचे खर्जाचे वाद्य धरून एक जण मागे उभा असतो. पूर्वी हे वाद्य पुरुषभर उंचीच्या व्हायोलिनसारखे असे. १९५१ मध्ये लिओ फेंडर याने त्याला विजेच्या गिटारीचे सुटसुटीत रूप दिले. त्याच्या सर्वांत जाड तारेची कंपने सेकंदाला सुमारे ४१ असतात. चार मात्रांच्या चालीत हा वादक बहुतेक वेळ पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवरच आघात करतो. पहिल्या मात्रेला तो त्या वेळच्या स्वरसमूहाचा मूळ स्वर देतो आणि तिसरीला त्याचा पंचम. ऐकणाऱ्याला यात काही विशेष आहे असे वाटत नाही. परंतु गाणे कोणत्या स्वरावर उभे आहे आणि पाऊल केव्हा टाकावयाचे, या दोन्ही गोष्टी नाचणाऱ्याला त्या दोन आघातांतूनच कळतात. म्हणून त्या धंद्यात चांगला बासवाला कोणता, याची कसोटी सोपी आहे. शेकडो गाणी त्याला पाठ असावीत, गायक ऐन वेळी ज्या पट्टीत गाईल त्या पट्टीत ती त्याला वाजविता यावीत, आणि आपल्याला येते ते सारे वाजविण्याचा मोह त्याला आवरता यावा.

बासवाल्याची ही दोन कर्तव्ये, मूळ स्वर धरून ठेवणे आणि लयीचे पाऊल दाखविणे, आपल्या संगीतात दोघांनी वाटून घेतलेली आहेत. स्वर धरतो तो तंबोरा आणि पाऊल दाखविते ते मृदंगाचे डावे तोंड. ही वाटणी किती विचाराने झालेली आहे, हे पाहावयाचे असेल तर तंजावरासारखे दुसरे ठिकाण नाही. तिथे तंबोरेही घडतात, मृदंगही घडतात, आणि त्या दोहोंच्या साथीने मराठी कीर्तन दोन शतकांहून अधिक काळ गाजले आहे.

१६७६ च्या सुमारास व्यंकोजी राजांनी तंजावरची गादी मिळविली, आणि १८५५ मध्ये शेवटचे राजे शिवाजी हे पुत्रावाचून निवर्तेपर्यंत ती भोसल्यांकडे राहिली. या पावणेदोनशे वर्षांत कावेरीच्या काठी मराठी कारकून, सरदार, शास्त्री आणि गोसावी यांची वस्ती झाली. शहाजी राजांनी मराठी नाटके रचली. तुळजाजी राजांनी ‘संगीतसारामृत’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. सरफोजी राजांनी, म्हणजे १७९८ ते १८३२ पर्यंत गादीवर असलेल्या त्या बहुश्रुत पुरुषाने, पाश्चात्त्य वाद्ये आणवून दरबारात बँड उभा केला. त्यांचे कारभारी वराहप्पा दीक्षित यांना व्हायोलिन व पियानो ही दोन्ही वाद्ये येत असत. पाश्चात्त्य स्वरलिपीतील कागद आजही तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात जपून ठेवलेले आहेत. रामदासी मठांतून मराठी कीर्तन चाले. त्याच परंपरेतील मेरुस्वामी पुढे त्रावणकोरचे राजे स्वाती तिरुनाळ यांच्या दरबारी जाऊन राहिले.

राज्य गेले तरी कीर्तन राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रातून मोरगावकर बुवा तंजावरास आले. त्यांच्या कीर्तनाचा थाट तमिळ श्रोत्यांनी पाहिला. निरूपण, मध्येच पद, पदातून आर्या, आर्येतून साकी, आणि सगळ्यांना ओढून नेणारा नामाचा गजर, असा तो थाट होता. तो उचलून कृष्ण भागवतर यांनी तमिळ हरिकथेला नवे रूप दिले. १९०३ मध्ये वारलेले हे भागवतर दक्षिणेकडील हरिकथेचे पितामह म्हणून ओळखले जातात. त्यांनी मराठी छंद जसेच्या तसे ठेवले. त्यामुळे साकी, दिंडी, ओवी, अभंग ही नावे आजही तमिळ हरिकथेत ऐकू येतात, आणि ती मराठी आहेत हे पुष्कळ श्रोत्यांच्या ध्यानीही येत नाही.

अशा कथेतील गाणी भागवतराने स्वतःच रचलेली असत असे नाही. एका रात्रीत तुकोबांचा अभंग येई, शेजारच्या तिरुवैयारूच्या त्यागराजांची तेलुगू कृती येई, गोपालकृष्ण भारतींचे तमिळ पद येई आणि संस्कृत श्लोकही येई. दुसऱ्यांनी रचलेली, लोकांच्या कानांवर आधीच बसलेली गाणी घेऊन रात्र रंगवावयाची, हा त्या पथकाचा व्यवसाय. लोकांना गाणे ठाऊक असते, म्हणूनच साथीदाराची चूक लपत नाही.

कृष्ण भागवतरांच्या मागे मृदंग घेऊन बसत ते नारायणस्वामी अप्पा. त्यांच्या नावातला ‘अप्पा’ त्यांची जात-भाषा सांगतो. ते तंजावरचे मराठी होते. मृदंगवादनातील जिला आज तंजावर शैली म्हणतात, तिचा उगम जाणकार त्यांच्यापाशी नेऊन पोहोचवितात. या शैलीचा गाभा एका वाक्यात सांगता येतो : ताल वाजवावयाचा नसून गाणे वाजवावयाचे. तालाच्या आठ मात्रा आठ आघातांनी मोजून दाखविणे हे काम हाताने टाळी देणाराही करू शकतो. गाण्याची ओळ कुठे वळते, शब्द कुठे तुटतो, गायक कुठे श्वास घेतो, हे ओळखून त्याप्रमाणे बोल मांडणे ही निराळी विद्या आहे.

ती कीर्तनाच्या मागे बसून का वाढली असावी, याचे कारण उघड आहे. कृतींच्या मैफलीत एक ताल सुरू झाला की काही वेळ तोच चालतो. कथेत तसे नसते. बुवा गद्यात बोलत असतात, तेव्हा मृदंगावर हात नुसते ठेवलेले असतात. बोलता बोलता वाक्याच्या शेवटच्या शब्दातूनच साकी उचलली जाते, आणि ती उचलली गेली हे कळण्यापूर्वीच साथ मिळावी लागते. साकीच्या ओळीत १६ आणि १२ मिळून २८ मात्रा, तर दिंडीत ९ आणि १० मिळून १९ मात्रा. एकीत चाललेला हात दुसरीत तसाच चालविला तर पाऊल अडखळते. एक चरण संपतो न संपतो तोच बुवा पुन्हा बोलू लागतात, आणि मृदंगाला तत्क्षणी थांबावे लागते. उशिरा थांबलेला एक आघातही निरूपणातला शब्द खाऊन टाकतो. कित्येक तासांच्या कथेत असे शेकडो वेळा सुरू व्हावयाचे आणि शेकडो वेळा थांबावयाचे. ज्याला थांबता येत नाही, त्याला तिथे स्थान नाही.

आता खुद्द वाद्याकडे वळू. दक्षिणी मृदंगाचे खोड फणसाच्या लाकडाचे, एकाच ओंडक्यातून कोरून काढलेले असते. लांबी साधारणतः २२ ते २४ इंच. उंच पट्टीसाठी आखूड आणि खालच्या पट्टीसाठी लांब. त्यामुळे पुरुष गायकासाठी एक आणि स्त्री गायिकेसाठी दुसरा, असे निरनिराळे मृदंग वादकाला बाळगावे लागतात. उजव्या तोंडावर कायमची काळी शाई असते. लोहयुक्त दगडाची पूड आणि शिजवलेला भात एकत्र मळून, त्या लगद्याचे पातळ थर एकावर एक देत, प्रत्येक थर गुळगुळीत दगडाने घासून वाळवीत ही शाई बसवितात.

या शाईचे मर्म चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी उलगडून दाखविले. तिरुचिरापल्लीजवळ जन्मलेल्या या शास्त्रज्ञाने १९२० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एका सहकाऱ्याबरोबर या विषयावर टिपण लिहिले आणि १९३४ मध्ये त्याचा सविस्तर विचार केला. साध्या ताणलेल्या कातड्यावर आघात केला तर मूळ नादाबरोबर जे वरचे नाद निघतात, ते त्याच्या पूर्णांकी पटीत नसतात. पहिलाच वरचा नाद १.५९ पटीचा असतो. म्हणून साधा ढोल नुसता धडाडतो; त्यातून स्पष्ट स्वर निघत नाही. मध्यावर शाईचे वजन नेमक्या प्रमाणात चढविले, की हे वरचे नाद दुप्पट, तिप्पट, चौपट अशा ओळीत येऊन बसतात, आणि कातडे तारेसारखे सुरात बोलू लागते. कातड्याच्या ९ निरनिराळ्या कंपनप्रकारांतून पहिले ५ सुसंवादी नाद मिळतात, असे रामन यांनी दाखविले. वाद्य घडविणाऱ्यांनी हे केवळ कानाच्या आणि हाताच्या बळावर पूर्वीच साधलेले होते.

डाव्या तोंडाला तमिळमध्ये ‘तोप्पि’ म्हणतात. आपल्या पखवाजाचा तो धुमा. इथे कायमची शाई नसते. महाराष्ट्रात पखवाजाच्या धुम्याला कणीक लावतात, तर तंजावरकडे रवा पाण्यात भिजवून त्याची चकती मध्यावर थापतात. कातड्यावर वजन वाढले की कंपने मंदावतात आणि नाद खाली उतरतो. हा नाद उजव्या तोंडाच्या पुष्कळ खाली, सामान्यतः मंद्र षड्जाच्या आसपास आणून ठेवावा लागतो. रवा थोडा अधिक झाला की आवाज बोदा होतो. कमी झाला की तो वर चढतो आणि तंबोऱ्याशी भांडू लागतो. शिवाय हे एकदाच करून भागत नाही. पंख्याच्या वाऱ्याने आणि दिव्यांच्या उष्णतेने रवा वाळू लागतो, वजन घटते आणि नाद हळूहळू चढतो. म्हणून गायक आलाप करीत असतो, तेव्हा मृदंगवाला ओल्या बोटाने तो रवा पुन्हा ओलावून घेताना दिसतो. कार्यक्रम संपला की सारा रवा खरवडून काढावयाचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नवा लावावयाचा. उजवे तोंड घडविणाऱ्याने लावून दिलेले असते; डाव्याचा सूर मात्र वादकाला रोज नव्याने कमवावा लागतो.

तोप्पीवरचे आघात मोजके असतात. उघडा ‘तोम’ गुंजत राहतो. दाबून दिलेला आघात तत्काळ मिटतो. आघात करून मनगटाकडचा तळवा कातड्यावर किंचित दाबत सरकविला, की नाद घुमून वर चढतो आणि पुन्हा उतरतो. याला गुमकी म्हणतात. यांपैकी प्रत्येकाला जागा असते. पल्लवीची ओळ पहिल्या मात्रेवर न उठता अर्ध्या मात्रेने उशिरा उठत असेल, तर समेवर मोठा तोम देऊन गायकाचे तोंड झाकून टाकण्यात शहाणपण नसते. विलंबित पदात दोन आघातांमधली जागा मोकळी सोडावी लागते, कारण त्या मोकळ्या जागेतच गायकाचा स्वर वाढत असतो. वीणेसारख्या मृदू वाद्यामागे उघडे नाद कमी करावे लागतात. तोप्पीचे व्याकरण म्हणजे बव्हंशी न वाजविण्याचे व्याकरण आहे.

नारायणस्वामी अप्पांनंतर तंजावरात तुकाराम अप्पा, दासस्वामी अशी नावे झाली. पुढे वैद्यनाथ अय्यर यांनी ही विद्या सांभाळली. त्यांचे शिष्य पालघाट मणि अय्यर (१९१२–१९८१) यांनी ती सबंध भारताला ऐकविली. त्यांना १९६६ मध्ये मद्रासच्या संगीत अकादमीने संगीत कलानिधी ही पदवी दिली, आणि १९७१ मध्ये पद्मभूषण मिळाले. गायकाची कृती मृदंगावर पावलोपावली ‘गाऊन’ दाखविणे ही त्यांची ख्याती. त्यांच्याच बरोबरीचे पळनी सुब्रमण्य पिळ्ळै (१९०८–१९६२) हे पुदुक्कोट्टै शैलीचे. ते डावखुरे होते, आणि त्यांच्या तोप्पीच्या गुमकीची गोडी आजही जुने रसिक वर्णन करून सांगतात. दोन शैलींचा वाद रसिकांत खूप चाले. पण डावे अंग बोलले पाहिजे, याविषयी दोन्ही पक्षांचे एकमत होते.

तंबोऱ्याची गोष्ट याहून करुण आहे. मिरजेचा तंबोरा पंढरपूरकडच्या भोपळ्याचा असतो, तंजावरचा फणसाच्या लाकडाचा. चार तारा, पंचम, षड्ज, षड्ज आणि खर्जाचा षड्ज, एकामागून एक छेडीत राहावयाचे, एवढेच काम. हे काम बहुधा शिष्याकडे किंवा घरातल्या माणसाकडे येई, आणि छापील कार्यक्रमात त्याचे नाव नसे. देवळातल्या नागस्वराच्या मागेही असाच ओत्तु नावाचा एक पावा एकच स्वर धरून बसे. तो वाजविणाऱ्याला गाल फुगवून, श्वास न तोडता, तासन् तास एका सुरावर राहावे लागे. तंजावर जिल्ह्याचे थोर नागस्वरवादक टी. एन. राजरत्नम् पिळ्ळै यांनी त्याच्या जागी तंबोरा आणला. पुढे पेटीचा सूर आला. आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस विजेवर चालणारा तंबोरा निघाल्यावर कित्येक व्यासपीठांवरून तंबोरा छेडणारा माणूसच नाहीसा झाला. सूर राहिला. पण गुरूच्या पाठीशी बसून, एकही शब्द न बोलता, तीन तास गाणे आतून ऐकण्याची शिष्याची जी शाळा होती, ती त्याबरोबर मिटली. यंत्राला शिकावयाचे नसते.

यांच्याही मागे आणखी एक माणूस असतो. मृदंगाला गाय, शेळी आणि म्हैस अशा तीन जनावरांचे कातडे लागते. ते निवडणे, कमावणे, कापणे आणि वादीने ताणून बसविणे हे काम दक्षिणेत प्रामुख्याने दलित कुटुंबांनी केले, आणि त्यांतील पुष्कळ कुटुंबे ख्रिस्ती आहेत. मणि अय्यर यांच्यासाठी परलांडू हे कारागीर मृदंग घडवीत. वादकाला हवा तो नाद त्याने शब्दांत सांगावयाचा, आणि यांनी तो कातड्यातून काढून दाखवावयाचा, असे हे सहकार्य असे. जे वाद्य पूजेला लावावयाचे, ते ज्या हातांनी घडविले त्यांना मात्र अनेक घरांत उंबरठ्याबाहेर थांबावे लागले. गायक टी. एम. कृष्णा यांनी २०२० मध्ये या कारागिरांवर एक सबंध पुस्तक प्रसिद्ध केले. त्यामुळे निदान त्यांची नावे तरी कागदावर आली. व्यासपीठावर अगदी खालच्या सुराला जे दुर्लक्ष सोसावे लागते, ते घडविणाऱ्याच्या वाट्याला किती पटींनी येते, हे त्यावरून कळते.

ध्वनिक्षेपक आणि आकाशवाणी यांनीही या नादाची परीक्षा घेतली. मद्रासचे केंद्र १९३८ मध्ये आणि तिरुचिरापल्लीचे १९३९ मध्ये सुरू झाले, आणि कावेरीकाठचे संगीत खेडोपाडी पोहोचले. परंतु लहान संचाच्या लहानशा कर्ण्यातून खर्जाचे नाद नीट उमटत नाहीत. श्रोत्याला उजव्या तोंडाची टिचकी ऐकू येई, आणि तोप्पी अर्धीमुर्धी गळून जाई. सभागृहात उलट प्रकार झाला. ध्वनिक्षेपक जवळ आणला की तोच नाद फुगून गायकावर चढू लागला. मणि अय्यर यांचा ध्वनिक्षेपकाला विरोध होता, तो हट्ट म्हणून सोडून देण्यासारखा नाही. ज्या नादाचे सारे सौंदर्य प्रमाणात आहे, त्याचे प्रमाण दुसऱ्याच्या हातातल्या खुंटीवर जावे, हे त्या हाताला कसे मानवावे?

आज हरिकथा पूर्वीसारखी रात्रभर चालत नाही. तंजावरच्या मराठी घरांतून बोलली जाणारी मराठीही तमिळच्या सहवासाने वेगळ्या वळणाची झाली आहे. तथापि साकी आणि दिंडी तिथे अजून गायिल्या जातात, आणि त्या गाणाऱ्याच्या मागे मृदंगाच्या डाव्या तोंडावर रवा थापून कोणी तरी बसलेला असतो. पुढच्या वेळी आकाशवाणीवरून दक्षिणेकडील मैफल ऐकू आली, तर श्रोत्यांनी घटकाभर गायकाला विसरून त्या खालच्या नादाकडे कान द्यावा. तो कुठे वाजतो ते सहज कळेल. कुठे थांबतो हे ओळखू येऊ लागले, म्हणजे नारायणस्वामी अप्पांनी कीर्तनाच्या मागे बसून काय कमावले होते, तेही ध्यानात येईल.